फोटो माझा, तांब्या कुणाचा

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दोन्ही खोल्यांच्या चादरी, सहा उशांचे अभ्रे आणि पाहुण्यांच्या पोरांनी आमटी सांडलेलं टेबलावरचं कापड धुऊन दोरीवर घालत होते. चिमटे तोंडात धरलेले, त्यामुळे फोन उचलायला वेळ लागला.

पुण्याच्या बाई होत्या. आमच्याकडे दोनदा राहून गेलेल्या. नाताळच्या सुट्टीसाठी खोली हवी म्हणून विचारून ठेवलेलं.

"ताई, तुम्ही दुसरं घर सुरू केलंत का?"

"नाही. का?"

"मग तुमचा तो जेवणाचा फोटो दुसऱ्याच नावावर कसा दिसतोय? केळीचं पान, मोदक, पितळी तांब्या, अगदी तोच. ह्यांचं म्हणणं, दोघांपैकी एक घर खोटं असणार. आम्ही जरा थांबतो हं, नक्की कळेपर्यंत."

दोनदा माझ्या हातचं जेवून गेलेली बाई नक्की कळेपर्यंत थांबणार होती. मी ओल्या हातानेच मोबाईलवर शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. फोटो माझा होता, आणि वर नाव होतं शेजारणीच्या होमस्टेचं. शेजारीण म्हणजे अगदी लागून. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा, त्याच्या पलीकडे तिची विहीर आणि वाडी.

हा फोटो मी चार वर्षांपूर्वी काढलेला. वादळात छप्पर गेलं होतं, ते नीट करून खोल्या पुन्हा सुरू केल्या तेव्हाचा. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत ऊन तिरपं येतं आणि पोफळीच्या झावळ्यांची सावली जमिनीवर पडते. तेवढी पंधरा मिनिटं साधून काढला होता. लोकांना आवडला. मग गावातल्या आणखी चार-पाच जणांनी आपल्या घरांचे फोटो माझ्याकडून काढून घेतले. मोबाईलवरच काढते, पण उजेड बघून काढते. बहुतेकांना तेवढंही सुचत नाही.

पनवेलची भाची तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे. "मावशी, फोटोवर वॉटरमार्क टाक. नाव टाकल्याशिवाय नेटवर काही ठेवायचं नसतं." मी दर वेळी नाही म्हणत आले. मोदकावर आडवं नाव छापलेलं कुणाला बघायचं आहे? आमच्या देवळात बाकावर देणगीदाराचं नाव, पंख्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. देव सोडून सगळं वाचून होतं. फोटोचं तसं मला करायचं नव्हतं. कोपऱ्यात टाकलं तर चोर कोपरा कापतो, मधोमध टाकलं तर फोटोच मरतो. मग टाकायचं कशाला?

भाचीला फोन केला. ती खूश झाली. लोकांना आपलं म्हणणं खरं ठरल्याचा फार आनंद होतो.

"रिपोर्ट कर. तुझ्याकडे मूळ फोटो असेल तो जोड. दोन दिवसांत तिचं पेज बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. परत सुरू करायला महिना तरी जातो म्हणतात."

भाचीचं 'म्हणतात' मी निम्मंच धरते. तरी निम्मा महिना म्हटला तरी शेजारणीचा डिसेंबर गेला. आणि तिला डिसेंबरशिवाय दुसरं काही नाही, हे मला गडग्यावरून दिसतं. तिची वाडी समुद्राच्या अंगाला. वादळात तिच्या जवळपास सगळ्या पोफळी आडव्या झाल्या. नव्या लावल्यात, त्या अजून माझ्या छातीएवढ्याही नाहीत. सुपारी धरायला आणखी दोन-तीन वर्षं. तोवर घर चालतं ते दोन खोल्यांवर.

हे सगळं माहीत असूनही मला राग आलाच. ती मागायला आली असती तर फोटो काढून दिला असता. पण ती येत नाही. दोन वर्षांपासून तिचं बोलणं कमी झालंय. पूर्वी गडग्यावरून कोथिंबीर, मिरची, गावातल्या बातम्या, सगळं इकडून तिकडे जायचं. आता "जेवण झालं?" "झालं." एवढंच. मी धरून चालले होते की माझ्याकडे पाहुणे जास्त येतात म्हणून तिला खुपतंय. ते गणित आता बरोबर जुळलं. आधी तोंड फिरवलं, मग फोटो उचलला.

नवऱ्याला सांगितलं. तो सुपारी सोलत बसला होता.

"तिला फोटो कुणी दिला असेल?" मी विचारलं.

"तू नेटवर टाकलायस. अख्ख्या जगाला दिलायस."

"तू नाही ना दिलास?"

त्याने सुपारी खाली ठेवली. "तुझा फोटो मी तिला देईन? मला ह्याच घरात जेवायचंय."

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणून त्याला यादीतून काढलं.

दुपारी जुना मोबाईल काढला. काच फुटलेली, बॅटरी फुगलेली, पण चार्जरला लावून ठेवलं की चालतो. मूळ फोटो त्यातच होते. मी कधीच एक फोटो काढून थांबत नाही. त्या सकाळचे अकरा निघाले. लोकांना दाखवला तो नववा.

पुरावा म्हणून पहिल्यापासून बघायला लागले. पहिल्यात पान वाकडं. दुसऱ्यात माझ्या पायाचा अंगठा. तिसऱ्यात तांब्याची नावाची बाजू पुढे होती. तेव्हा आठवलं की मी तो नंतर फिरवला होता. फोटोत भांडं ठेवताना त्याच्यावर कोरलेलं नाव मी नेहमी मागे करते. नाव दिसलं की मांडणी उसनी वाटते.

कुणाचं नाव मागे केलं होतं ते बघावं म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला.

आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते हौस म्हणून नाही. लग्नकार्यात, पंगतीला, घरोघरची पातेली, पराती, तांबे गोळा होतात, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत पोचवायची असतात. ते काम गावात वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. ढिगाऱ्यात बसायचं, भांडं उलटं करायचं, नाव वाचायचं, ज्याच्या त्याच्या पिशवीत टाकायचं. माझी चूक होत नाही, असं गावात म्हणतात. मीही म्हणते.

फोटोतल्या तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं जुन्या वळणाचं नाव होतं. माझ्या सासूबाईंचं नव्हतं, माझं नव्हतं. शेजारणीच्या आईचं होतं.

मग सगळं आठवत गेलं. वादळात आमचा माळा कोसळला आणि पितळेची भांडी चेपली. फोटोसाठी मांडायला घरात एक सरळ भांडं नव्हतं. मीच गडग्यावरून ओरडले होते, "अगं, एखादा बरा तांब्या आहे का?" तिने दिला होता. तिचं माहेर थळचं. आई गेल्यावर भावांनी वाटणी केली, तेव्हा तिच्या वाट्याला आला तो हा तांब्या. देताना म्हणाली होती, "नीट ठेवा हां, आईचा हाय." मी म्हटलं होतं, "संध्याकाळी देते."

मागच्या पाहुण्यांच्या खोलीत गेले. खिडकीशेजारच्या कोनाड्यात तो होता. वाळलेल्या गवताचे तुरे खोचून शोभेला ठेवलेला. दर आठवड्याला मी त्याच्यावरची धूळ पुसते. नाव भिंतीकडे केलेलं. गळ्याजवळ लहानसा पोचा, तोही भिंतीकडे.

पलंगावर बसले. चादर नव्हती, गादी उघडीच होती.

आणखी एक आठवलं, ते जास्त वाईट होतं. दोन दिवाळ्यांपूर्वी ती फराळाचं ताट घेऊन आली होती. जाता जाता विचारलं, "वहिनी, आमचं एखादं भांडं राहिलंय का हो तुमच्याकडं?" मी कढईसमोर होते. मागे वळूनही न बघता म्हटलं होतं, "आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं राहत नाही बाई. नाव वाचल्याशिवाय मी फडताळात ठेवत नाही." तेव्हापासून कोथिंबीर बंद. आणि मी समजत होते, पाहुणे खुपतात.

भाचीने सांगितलेला फॉर्म मोबाईलवर अर्धा भरून पडला होता. 'ह्या छायाचित्राची मालकी तुमची आहे का?' असा प्रश्न होता. खूण करायची राहिली होती. मी फॉर्म बंद केला.

भाचीचं एक चुकतं असं मला त्या संध्याकाळी वाटलं. ती म्हणते नाव चोरासाठी टाकायचं. चोराला नावाचं काय? भांड्यावरचं नाव तो घासून काढतो नाहीतर मोडीत घालतो, फोटोवरचं नाव कापतो. नाव लागतं ते माझ्यासारख्यांना. ज्यांना चोरायचं नसतं, पण जे वस्तू घरात आणतात, चार दिवस वापरतात आणि मग ती आपलीच आहे असं मानून तिच्यावरची धूळ पुसत बसतात. मी तर नाव असूनही ते भिंतीकडे केलं होतं.

तरी शंका गेली नाही. तांब्या माझ्याकडे राहिला म्हणून फोटो तिचा होत नव्हता. ऊन मी साधलं होतं, पान मी मांडलं होतं, मोदक माझे. तिने विचारायला हवं होतं. की तिने विचारलं होतं, आणि मी कढईकडे बघत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंच आणि मिठाने तांब्या घासला. गवत चुलीत घातलं. भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आत दोन मुठी नवे तांदूळ टाकले आणि गडग्यापाशी गेले. ती अंगण झाडत होती.

"हा घे तुझा तांब्या."

तिने केरसुणी टाकली. तांब्या हातात घेऊन आधी नाव बघितलं, मग पोचा, मग माझ्याकडे.

"सापडला व्हय?"

"सापडला."

"खिडकीशी होता ना? गवत खोचलेला?"

"तुला माहीत होतं?"

"विहिरीवरून दिसतो की. रोज पाणी काढते मी."

"मग सरळ सांगायचंस!"

"इचारलं होतं. तुमी म्हणालात, नाव वाचल्याशिवाय ठेवत न्हाय. आता एवढ्या वाचणाऱ्या बाईला मी काय वाचून दाखवू?"

मी विषय बदलला. "आणि फोटो?"

"म्हटलं, फोटो लावला तर तरी याल. तीन आठवडे वाट बघत्येय."

"तेवढ्यात पाहुणेही आले असतील त्या फोटोवर."

"आले ना. दोन कुटुंबं." ती हसली. "मोदक इचारत होते. मला कुठं येतात तुमच्यासारखे? घावणे घातले."

मला बोलवायला फोटो लावला, हे खरं की आत्ता सुचलेलं, मला आजही ठरवता आलेलं नाही. निम्मं खरं असावं. पण अख्खा तांब्या चार वर्षं माझ्याकडे होता, त्यापुढे निम्म्याचा हिशोब मी काढला नाही.

"घावणे आज घालणार आहेस?"

"पीठ भिजलंय."

"मग घाल. नऊला ऊन कुठे येतं तुझ्याकडे?"

तिच्याकडे ऊन पडवीत नाही, विहिरीच्या कट्ट्यावर येतं. तिथे पान मांडलं. घावणे, ओल्या नारळाची चटणी, बाजूला तांब्या. सवयीने माझा हात तांब्या फिरवायला गेला.

"ऱ्हाऊ द्या तसाच," ती म्हणाली.

राहू दिला. नऊ फोटो काढले, सहावा बरा आला. तिथेच बसून भाचीने सांगितलेलं वॉटरमार्कचं ॲप उघडलं आणि खालच्या कोपऱ्यात तिच्या घराचं नाव टाकलं. त्याखाली बारीक अक्षरात माझं.

"तुमचं कशापायी?"

"उद्या कुणी उचलला, तर विचारायला कुणाकडे यायचं ते कळावं म्हणून."

ती "बरं" म्हणाली. पटलं की नाही, कळलं नाही.

"आता जुना काढ."

"काढते की वहिनी. घावणे खा आधी."

"आधी काढ. माझ्यासमोर."

तिने मोबाईल घेतला, बोटाने इकडे तिकडे केलं, म्हणाली, "गेला." मग मी दोन घावणे खाल्ले.

घरी आल्यावर माझ्या पेजवरूनही तो फोटो उतरवला. पुण्याच्या बाईंना फोन करून सांगितलं की घरं दोन आहेत, दोन्ही खरी आहेत, माझं गडग्याच्या अलीकडचं आणि मोदक फक्त अलीकडे मिळतात. त्या म्हणाल्या, ह्यांना विचारून कळवते.

फोन ठेवला आणि शेजारणीचं पेज पुन्हा एकदा उघडून बघितलं. खरंच काढला होता.