ऑर्केस्ट्राच्या आधीचा सामना

परभणीच्या मधोमध जे स्टेडियम होतं, त्याला एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आणि बाकी सगळी माती. कुस्त्या तिथंच, कव्वालीचा मुकाबला तिथंच, पुढाऱ्यांच्या सभाही तिथंच. आमच्या कॉलेजच्या मुलींचा खो-खोचा अंतिम सामना तिथं ठरला आणि त्याच संध्याकाळी तिथं ऑर्केस्ट्राही होता.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या बौद्ध वस्तीत मुलींनी शिकावं यावर दुमत नव्हतं. मैदानात पळावं का, यावर मात्र होतं. त्या सकाळी वडील मला गाडीत बसवायला आले होते. म्हणाले, "आज लौकर ये बरं माय. उद्या गंगाखेडचे पाव्हणे यायलेत तुला पाहायला."

मी मान हलवली, पण गाडीत बसवेना. परभणीपर्यंत दारातच उभी राहिले. लग्न ठरलं की खेळ सुटणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मैदानावर पोचले तर आमच्या आखलेल्या पट्ट्यातच स्टेजच्या बल्ल्यांसाठी खड्डे खणलेले. आमच्या खेळाच्या बाई संयोजकांशी भांडत होत्या.

"उद्या सकाळी खेळा की," संयोजक म्हणाले. "पोरी कुठं पळून चालल्यात?"

"उद्या मला जमणार न्हाई," मी मध्येच बोलले. आवाज नको तितका चढला. "आजच खेळायचं."

"का? उद्या काय हाय?"

मी खाली वाकून खड्ड्याच्या कडेची माती आत लोटायला लागले. समोरच्या संघाची कप्तान, वालूरची उंच मुलगी, माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "खड्डे बुजवू की. आमीबी हात लावतो."

"अन् माझं स्टेज?" मांडववाला ओरडला.

"सामना झाला की पुन्हा खणा," बाई म्हणाल्या. तो पुटपुटला, पण फावडं दिलं. दोन्ही संघांच्या मुली ओंजळीनं माती लोटत होत्या. मी बुजवलेली माती पायानं दाबत होते, पुन्हा पुन्हा, उगाच.

सामना सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती. ऑर्केस्ट्रासाठी आलेली माणसं पायऱ्यांवर बसून आमचंच बघायला लागली. मागं माइकवाला "हॅलो, हॅलो" करत होता. शेवटच्या तिघींत मी उतरले. दोघी लगेच बाद झाल्या. मी एकटी राहिले. वालूरची कप्तान मागं लागली, मी खांबाला गिरकी घेतली आणि पाय भुसभुशीत मातीत रुतला. घोट्यातून कळ गेली. तरी उठले, तिला आणखी दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा तिचा हात पाठीवर पडला. आम्ही एका गुणानं हरलो. तिनंच मला खांद्याचा आधार देऊन पायऱ्यांपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी लंगडतच पाहुण्यांसमोर पोहे नेले. मुलाच्या मामांनी विचारलं, "पायात काही खोट हाय का?"

"खोट न्हाई," वडील म्हणाले. "काल खो-खो खेळताना मुरगळला."

"लग्नाची पोर मैदानात पळती?"

"पळती. लय चांगली पळती."

वडिलांनी माझा एकही सामना पाहिलेला नव्हता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. दोनेक दिवसांनी नकार कळवला. आईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी सुजलेल्या पायानं अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"बस की गं एका जागी!" आई ओरडली.

बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. पुढं लग्न झालं, जिंतूरला. त्याआधी आणखी दोन हंगाम खेळले.