सोनेरी काठाची ताटं

बाईसाहेबांची ती फ्रान्सची चिनीमातीची ताटं धुताना मला लई भ्या वाटतं, इतकी पातळ आहेत की उजेडात धरली तर पलीकडून माझी बोटं दिसतात. बाईसाहेब सारख्या सांगतात, "दोनशे वर्षांची आहेत, तिथल्या राजाच्या पंगतीतली. एक टवका उडालेला दाखव!"

काल मागच्या दाराशी गोणपाटावर ठेवलेली माझी आठ महिन्यांची चिमी भुकेनं रडायला लागली. मी पाण्यातून हात काढला तर बाईसाहेब लगेच म्हणाल्या, "साबणात सोडू नकोस गं, सोन्याचा काठ जाईल. पोरगी रडून काय मरत नाही."

मी धूत राहिले, ब्लाऊज दुधानं भिजला, आणि मनात आलं, दोनशे वर्षांत एक टवका नाही म्हणजे दोनशे वर्षांत एकही धुणारी बाई ताट मधेच टाकून लेकराकडं पळालेली नाही. तिकडं राजवाड्यातपण कुणी तरी म्हणालंच असेल, रडून काय मरत नाही. एखादं मेलंपण असेल, ते ताटावर थोडंच उमटतं.

शेवटचं ताट झालं तोवर रडणं थांबलं होतं.

"बघ, झोपली," बाईसाहेब काठ पुसत म्हणाल्या. "सवय लावली की लागते."

मी ओल्या हातानं पळत गेले. चिमी झोपली नव्हती. टक्क जागी होती, माझ्याकडं बघत होती, पण घे म्हणून रोज करते तसे हात तिनं वर केलेच नाहीत.