उरणचा जवळा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नेरूळच्या हॉस्पिटलात माझ्या पत्नीशेजारच्या खाटेवर त्याची आई होती. तो तिथल्याच सारसोळे गावचा कोळी. दुबईला टगबोटीवर नोकरीला. आईच्या आजारपणासाठी बिनपगारी रजा घेऊन आलेला. बसल्याबसल्या शर्टाच्या खिशातला पासपोर्ट चाचपायचा आणि खिडकीतून खाडीचं पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचा.

एका दुपारी त्यानं मला दाराबाहेर गाठलं.

"काका, सहा महिने तिकडं गेलो नाय तर व्हिसा जातो, मंग नोकरी पन. एकदा जाऊन शिक्का मारून परवा येतो. आयला सांगितलंय, उरनला जातो म्हनून. तवर तिला काय झालं तर... लक्ष ठेवाल ना?"

ते दोन दिवस मी आणि पत्नी त्या म्हातारीच्या श्वासाकडे कान लावून होतो.

तो परतला तेव्हा हातात सुक्या जवळ्याची पुडी होती. उरणला गेल्याचा पुरावा. म्हातारीनं पुडी नाकाशी नेली.

"हा उरनचा नाय. आपल्या सारसोल्याचा हाय," ती म्हणाली. "लागला का रं दुबईचा शिक्का?"

तो पोरासारखा लाजला. माझी पत्नी पोट धरून हसली. नर्स पुडी बाहेर न्यायला सांगत होती, तरी ती हसतच होती. त्यानंतर ती तशी हसली नाही.

आता मी एकटाच सारसोळ्याच्या जेट्टीकडे फिरायला जातो. तिथं जवळा वाळत घातलेला असतो. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात. मी थोडा वेळ तिथंच उभा राहतो.