पाणी कोणतं हाय?

नांदेडच्या घाटाजवळ गळ आणि दोरी विकणारे एक चाचा आहेत. मासे धरायला दोरी मागितली, की आधी विचारतात, "पाणी कोणतं हाय?" मग डोळे मिटून दोरी ओठांवरून फिरवतात आणि मगच कापतात. मला तो नखराच वाटायचा. गुडघे गेल्यापासून ते स्वतः पाण्यावर गेलेले नाहीत.

परवा मी इस्लापूरच्या धबधब्याखालचं पाणी सांगितलं. त्यांनी हातातली बारीक दोरी ठेवून दिली.

"तिथले खडक लई धारदार, बेटा. जाडी घे."

मग हातभर दोरी वेगळी कापली. "ही तेवढी तिथं भिजवून आण."

मी ती डब्यात पाण्यासकट आणली. चाचांनी ओली दोरी ओठांवरून फिरवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायचंच विसरले.