उस्तादाची अर्धी मोटार

बाबांना कुणापुढे हात जोडताना मी फारसं पाहिलं नाही. देवापुढेही आईने ढकललं तरच. एका कागदासमोर मात्र ते रोज सकाळी उभे राहायचे. मोटारीच्या जाहिरातीचं ते जुनं विलायती पोस्टर होतं. माजरीला एका बंद पडलेल्या गॅरेजची झाडलोट चालली होती, तिथून त्यांनी ते मागून आणलं होतं.

बाबा चंद्रपुरात पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिवाय कोळशाच्या ट्रकांच्या मागच्या फळ्या. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे कामचुकारपणा. कुठे चार बोटं कोरी दिसली की गिऱ्हाईक म्हणणार, "भाऊ, इथी एखादं कमळ तरी टाका." बाबा कमळ टाकायचे आणि घरी येऊन त्या पोस्टरकडे बघत बसायचे. कारण त्यात मोटार अर्धीच होती. लाल नाक, एक दिवा, एक चाक, आणि मागे कागदभर नुसता फिका पिवळा रंग. कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही, जी आम्हाला कधी वाचता आली नाही. बाबा त्याला उस्ताद म्हणायचे.

"दुसऱ्यानं पुरी गाडी काढली असती. यानं हात आवरला. पाह्य, तरी पळून राह्यली का नाई?"

मी त्यांच्याच हाताखाली ब्रश धरला. माझं अक्षर वळणदार आहे असं लोक म्हणायचे, बाबा कधी म्हणाले नाहीत. चुकलं तर पुसायचे, नाही चुकलं तर पुढची पाटी हातात द्यायचे. मग फ्लेक्स आला. मी कॉम्प्युटरवर बसून वाढदिवसांचे बॅनर छापू लागलो, त्यावरही ते काही बोलले नाहीत. खरं सांगतो, 'हात चांगला आहे' एवढंच मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. पन्नाशी आली तरी ती हौस फिटली नव्हती.

गेल्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली. त्यांची खाट आम्ही पोस्टरसमोर टाकली. दिवसभर ते तेवढंच बघायचे. पुढे तब्येत आणखी बिघडली आणि आई त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहिली. नेमकं त्याच दिवसांत छत गळलं, पोस्टरच्या कोऱ्या भागावर ओलीचे तपकिरी डाग उतरले. शहाण्या माणसाने ते वाळवून तसंच ठेवलं असतं. मी पडलो पाटीवाल्याचा पोरगा. डाग पडला की रंग मारायचा, एवढंच आम्हाला येतं.

दोन दुपारी लागल्या. बाबांचे कडक झालेले ब्रश भिजवून मऊ केले, इनॅमलचे डबे उघडले आणि मोटार पुरी करून टाकली. दारं, मागचं चाक, आत टोपीवाली एक बाईसुद्धा. लाल रंग असा जुळवला की जोड ओळखू येईना. उस्तादाची सही मागच्या चाकाखाली गेली, हे फार उशिरा लक्षात आलं. तरी इतका खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

बाबा परत आले. त्यांना खाटेवर टेकवून पाठीशी उशी लावली. ते बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी जोडाची जागा अचूक दाखवली.

"इथून तू?"

"हो बाबा. पाणी लागलं होतं."

"हात चांगला हाये तुहा," ते अडखळत म्हणाले. त्यात राग नव्हता. एका पाटीवाल्याने दुसऱ्याला सांगावं, तसं सांगितलं. माझे डोळे भरून आले.

"आता खाट फिरव."

"काऊन बाबा?"

"मी उस्तादाले पाहून राह्यलो होतो. तो नाई आता तिथी."

मी खाट खिडकीकडे फिरवली. ते गेले तेव्हाही ती तशीच होती.