धुरपताकाकीचा हाकारा

धुरपताकाकीला लिहितावाचता येत नव्हतं, आणि तिने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. साकोलीच्या शाळेतलं इंग्रजी आणि भूमिती माझ्या डोक्यावरून गेली. काकीचं शिकवणं मात्र अजून घशात आहे.

आमचं गाव दिघोरी-साकोली रस्त्यावरचं, साठ-सत्तर घरांचं. शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर सकाळच्या लाल एसटी गाडीने साकोलीला जावं लागे. एकोणऐंशी साली आम्ही पाच पोरी आठवीत जायला लागलो, तेव्हा गावाने जरा नाकच मुरडलं. त्यातली मी एक, ललिता. दुसरी शकुन, धुरपताकाकीची मुलगी. पोरीला शिकवायचंच, हे काकीचं वेड. नवरा गोमाजी कसाबसा तयार झाला होता, तोही एका अटीवर: "एक जरी गोष्ट कानावर आली, का शाळा बंद."

तेव्हाची आमच्याकडची एक रीत होती. लेकरू एकटं गाडीत चढवायचं असलं की आई खिडकीतून आत डोकावायची, एखादा पांढऱ्या टोपीचा, धुतल्या कपड्यांचा वयस्कर माणूस हेरायची आणि लेकरू त्याच्या हवाली करायची. "मामाजी, पोरीवर लक्ष ठेवजा." ओळखपाळख लागत नसे. टोपी पांढरी, मिशा पांढऱ्या, की झाला मामा. वर लेकराला बजावायचं, "मामाजी म्हनतीन तसं कर, उलटून बोलू नको." आता आठवलं की मला संताप येतो. कोंबडी विकत घेतानाही आम्ही तिचे पंख उचलून पाहायचो, आणि माणूस मात्र टोपीवरून पारखायचो!

काकीने शकुनला अशाच एका मामाजीच्या हवाली केलं. तो रोज आमच्याच गाडीने साकोलीला जायचा. बोलणं गोड, खिशात लेमनच्या गोळ्या. त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या नातवंडांनी माझं काही बिघडवलेलं नाही. शकुनला तो खिडकीजवळ बसवायचा आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसायचा, म्हणजे तिला उठायला वाटच उरत नसे. आम्ही उभ्याने धक्के खात जायचो. सुरुवातीला तर आम्हाला तिचा हेवा वाटायचा.

पावसाळा सरत आला तसं शकुनचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. काकीने आधी ओव्याचं पाणी पाजलं, मग रागावली, मग दोन धपाटे घातले. "साऱ्या गावाचं बोलनं खाऊन मी तुले शाळेत धाडून राहिली, अन् तू नखरे करतं?" दसऱ्यानंतरच्या एका सकाळी तिने शकुनला हात धरून रस्त्यापर्यंत ओढत आणलं. गाडी थांबली. खिडकीत ती टोपी दिसली. काकी सवयीने म्हणाली, "मामाजी, पोरीले जवळ बसवून घ्या जी." तशी शकुन माझ्यामागे दडली. तिने माझं दप्तर दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की त्याचा बंद तुटला.

काकीने गाडी जाऊ दिली. मलाही थांबवून घेतलं. "ललिते, काय झालं? खरं सांग."

मी सांगितलं. मला महिनाभर माहीत होतं आणि मी गप्प राहिले होते. याची मला आजही लाज वाटते. तो नको तिथे हात लावायचा. शकुन अंग चोरायला लागली की हळूच म्हणायचा, "तुह्या मायनंच तुले माह्या हवाली केलं. जाय, तिलेच इचार."

"मीच देल्ली," काकी म्हणाली. "रोज माह्याच हातानं देल्ली." मग शकुनला पोटाशी धरून ती मोठमोठ्याने रडली. शेवटी शकुनच तिचे डोळे पुसत होती.

संध्याकाळी गोमाजीला कळलं. त्या काळचा कुठलाही बाप बोलला असता तेच तो बोलला. "शाळा बंद. गोष्ट घरातच राहू दे. पोरीचं नाव खराब होईन."

"चूक माही, पाप त्याचं, अन् सजा पोरीले?" काकी म्हणाली. "हा कोनत्या गावचा न्याय आहे जी?"

"मंग तू रोज संगं जाशीन का?"

"मी किती दिवस पुरन? आठ दिवस थांबा. मंग बंद करा."

गोमाजी हो म्हणाला, पण ते नुसतं वेळ मारून नेण्यापुरतं, हे काकीलाही कळत होतं. शकुन घरीच राहिली. बाकीच्या आम्ही चौघी काकीच्या हुकमाने गाडीत एकमेकींना चिकटून उभ्या राहायचो, आणि शाळेतून आलो की थेट तिच्या शेतावर जायचो.

लवकर तयार होणारा हलका धान पिकायला आला होता आणि त्यावर पोपटांचे थवे उतरत होते. बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. पोपट ज्याला आधी दिसेल त्याने "हुर्रर्र हाऽऽ" असा हाकारा द्यायचा, आणि तो कानावर पडताच आजूबाजूच्या सगळ्या बांध्यांतून लोकांनी आपला आवाज त्यात मिसळायचा, हा तिथला कायदा. एका गळ्याला पोपट भीत नाहीत. "पह्यले हाकारा," काकी आम्हाला म्हणाली. "कोनाची बांधी, ते मांगून इचारा. गाडीतबी असंच."

तिने रिकामी बंडी, म्हणजे बैलगाडी, बांधावर उभी केली. ती झाली गाडी. शकुनसकट आम्ही पाच जणी आत बसलो. मग काकी गोमाजीची टोपी घालून, ओठांवर पांढऱ्या कापसाच्या मिशा लावून चढली आणि लाडात म्हणाली, "ये वो बाई, गोळी खातं का?" आम्ही हसून बेजार. काकी हसली नाही. "हासा, पोट्ट्याहो. पन पह्यले ओरडा."

आणि गंमत म्हणजे, आम्हाला ओरडता येईना! पोपटांवर गळा फाडणाऱ्या आम्ही, समोर टोपी आली की नुसत्या चिमणीसारख्या चिवचिवायचो. जन्मभर "हळू बोल" एवढंच ऐकलेलं. काकीने आम्हाला रोज तासभर ओरडायला लावलं. मधेमधे ती सांगत राहायची, ते आम्ही कधी विसरलो नाही. "मन नाई म्हनलं तर उठाचं, मंग तुह्या मायनं बसवलं असन तरी. घरी सांगू नको म्हनलं, तर तेच पह्यले सांगाचं. अन् चूक तुमची नाई, नाई, नाई." चौथ्या दिवशी आम्हा चौघींचा आवाज तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊ लागला. शकुनचा मात्र फुटलाच नाही. ती तोंड उघडायची आणि नुसती हवा बाहेर यायची.

आठव्या दिवशी काकी वांग्यांची टोपली घेऊन बाजाराच्या निमित्ताने आमच्याबरोबर गाडीत चढली आणि मागे पदर ओढून बसली. शकुन आमच्या मधोमध उभी होती. मामाजीने आमच्याकडे पाहून तोंड फिरवलं. शेजारची जागा त्याने रिकामीच ठेवली होती. पुढच्या गावी एका बाईने सात-आठ वर्षांची पोर गाडीत चढवली आणि खिडकीतून म्हणाली, "मामाजी, साकोलीले तिची मावशी येईन. लक्ष ठेवजा." पोर खिडकीजवळ बसली. गाडी सुटली. थोड्याच वेळात ती पोर खिडकीच्या गजांना चिकटून अंग चोरायला लागली.

मी पाहत होते, तेवढ्यात माझ्या कानाशी आवाज फुटला. "हुर्रर्र हाऽऽ! हुर्रर्र हाऽऽ!"

शकुन! बोट रोखून ती ओरडत होती. "हात काढ! त्या पोरीवरचा हात काढ!" आम्ही चौघी काही विचारत बसलो नाही, तिच्या आवाजात आवाज मिसळला. मागून काकीचा गळा उठला. आणि मग गाडीतल्या बाजाराला निघालेल्या सगळ्या बाया. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं, पण हाकारा ऐकून गप्प बसायची सवय त्यांच्या गळ्याला नव्हतीच. अख्खी गाडी दणाणली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

मामाजी उठून उभा राहिला. "अरे, काय तमाशा आहे? ही पोर तिच्या मायनं माह्या हवाली केली हाये!"

"मलेबी केलं होतं," शकुन म्हणाली.

कंडक्टर श्यामराव गर्दीतून वाट काढत आला, त्या पोरीला उचलून काकीच्या मांडीवर ठेवलं, मामाजीची कॉलर धरली आणि घंटी ओढली. "आता मधे कोठीच थांबनार नाई. सीदी ठाण्यावर!" बायांनी पुन्हा हाकारा दिला. या वेळचा निव्वळ आनंदाचा.

ठाण्यात काकीने सगळं सांगितलं, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून केली. ते ऐकून गाडीतल्या आणखी दोन बाया पुढे आल्या. खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. पुढे पाच-सहा वर्षं त्या रस्त्यावरच्या गावोगावी बंडी उभी राहायची, टोपी घालून काकी चढायची आणि पोरंपोरी गळा फाडायची. खिडकीतून लेकरू हवाली करायची रीत आमच्या भागातून हळूहळू गेली. गोमाजीची टोपी त्याला परत मिळाली नाही ती नाहीच.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. शकुन येईल की नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. ती आली, तिचं दप्तर गोमाजीच्या खांद्यावर होतं. ते तिच्या हाती देऊन तो शेताकडे गेला. गाडी त्याच्या बांधीशेजारून जायला लागली तेव्हा तो बांधावर उभा होता. बोडक्या डोक्याचा. दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "हुर्रर्र हाऽऽ!"

खिडक्यांतून आम्ही पाची जणींनी उत्तर दिलं.

महिन्याभरात धान कापून झाला. पोपट गेले, बांध्या रिकाम्या पडल्या. तरी शकुन दहावी पास होईपर्यंत शाळेच्या दिवशी एकही सकाळ गोमाजीचा हाकारा चुकला नाही, आणि उत्तरात सगळ्यात मोठा आवाज शकुनचा असायचा.