पाचवा निबंध

नाव : कुमारी शशिकला लघाटे. वय पंचेचाळीस. ('कुमारी' हा शब्द फॉर्मावर छापील असून त्यात वयानुसार बदल करण्याची तरतूद नाही.) निवास : झाशी, खंडेराव गेटच्या आत, बंधूंच्या घरी. पद : सहायक शिक्षिका, केजी-बी, प्रेम नगरमधील एक खासगी शाळा. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. मातृभाषा : हिंदी, दिलेल्या पर्यायांत मराठी नव्हती. शैक्षणिक अर्हता : बी. ए. अंतिम वर्ष, इंग्रजी निबंधाचा पेपर बाकी. शेरा : अर्हता अपूर्ण असल्याने सदर कर्मचारी वर्ग सांभाळण्यास पात्र नाही.

हा शेरा यंदाच्या मार्चमध्ये मारला गेला. त्याआधी वीसेक वर्षं सदर कर्मचारी तोच वर्ग सांभाळत होती, पण तेव्हा फाइल कोणी उघडली नव्हती.

उघडली ती नव्या मॅनेजरांनी. अजयजी स्वभावाने चांगले. वाईट बातमीसुद्धा चहा मागवून सांगायचे. "दीदी, इन्स्पेक्शन आने वाला है. जुलाई तक डिग्री ले आइए, बस." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी धीर दिला, "आप कहीं जा थोड़े रही हैं. आया की पोस्ट तो है ही." आणि धीर अधिक पक्का व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी शिंप्याला बोलावून आयांच्या एप्रनसाठी मापं घेतली, त्यात तिचंही घेतलं. एप्रन शिवून आला तो ऑफिसातल्या खिळ्याला टांगला गेला. हिरवा, पुढे मोठा खिसा. सही करायला जाताना शशिकला त्याच्याकडे बघायची नाही. बघायची नाही म्हणजे तो कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

पेपर बाकी राहिल्याची हकिकत लहान आहे. शेवटच्या वर्षी, निबंधाच्या पेपराच्या सकाळी वडिलांचं अंग लुळं पडलं. पुढच्या वर्षी आईचं आजारपण. मग शाळा लागली, आणि केजी-बीतल्या पोरांनी डिग्री कधी विचारली नाही. आता विद्यापीठाने जुन्या अडकलेल्यांसाठी एक शेवटची संधी जाहीर केली होती. त्यातला 'शेवटची' हा शब्द ठळक छापला होता.

दादा, म्हणजे थोरले बंधू सुभाषचंद्र, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेने म्हणाले, "कशाला जिवाला घोर, शशी? नापास झालीस तर घरी बस. आपल्याला काय कमी आहे?"

एप्रनची भीती वाटत होतीच. पण 'घरी बस' हे ऐकल्यावर तिच्या पोटात जे गार पडलं ते मे महिन्याच्या झाशीतसुद्धा गारच राहिलं. घरी बसणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिची एक चुलत आत्या याच घरात, याच ओसरीवर बसली होती. बसता बसता तिचं नाव सगळे विसरले. 'त्या ओसरीवरच्या' असंच म्हणत.

अभ्यासाचं काम दादांच्या मुलीने, ईशाने, अंगावर घेतलं. ईशा कॉलेजात होती; मराठी सगळं समजून घ्यायची, उत्तर हिंदीत द्यायची. तिने बाजारातून गेस पेपर आणला. गेस पेपर म्हणजे परीक्षेत काय येईल याचा अंदाज छापून विकणारं पुस्तक. झाशीत पाठ्यपुस्तक नसलं तरी चालतं, हा लागतो. त्यातून तिने पाच निबंध निवडले. शिस्त, विज्ञान, प्रदूषण, स्त्रीशिक्षण आणि खेड्यातलं जीवन.

"आत्या, आधे नंबर तो निबंध के ही हैं. पाँचों रट लो. एक तो फँसेगा ही."

पाठांतराची भीती शशिकलाला नव्हती. त्या घरात परवचा होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढे बसून, स्तोत्रं आणि पाढे मोठ्याने म्हणायचे. वडिलांचा नियम एकच होता : मध्ये तुटलं, कोणी हाक मारली, खोकला आला, तरी पहिल्यापासून. अर्ध्यातून उचललेलं देवाला पोचत नाही. शशिकला लहानपणी ते जसं शिकली तसंच पुढे सगळं शिकली. आजही साती आठे विचारलं तर ती मनात साती एके पासून निघायची आणि वाटेत कोणी न भेटल्यास छप्पनला पोचायची.

तर तिने निबंध परवच्याला घेतले. रोज संध्याकाळी, देवापुढे, मांडी घालून, डोळे मिटून. "डिसिप्लिन इज द बॅकबोन ऑफ ह्यूमन लाइफ" याला आपोआप चाल लागली. शिस्त संपली की श्वास घेऊन विज्ञान, मग प्रदूषण. शेजारच्या काकींनी गच्चीवरून विचारलं, "दीदी, कोई नया पाठ रखा है क्या?" आणि उत्तराची वाट न पाहता तिकडूनच हात जोडले.

महिना संपता संपता पाचही निबंध तोंडपाठ झाले. एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. शशिकलाला कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

आणि मग ईशाने, पोळी वाढता वाढता, सहज म्हटलं, "अच्छा आत्या, व्हिलेज लाइफ सुनाओ."

शशिकलाने तोंड उघडलं. "डिसिप्लिन इज द बॅकबोन..."

"वो नहीं. व्हिलेज लाइफ."

"हो हो. डिसिप्लिन इज..."

ती थांबली. घास हातातच राहिला. खेड्याचं पहिलं वाक्य कुठे होतं? स्त्रीशिक्षणाच्या शेवटच्या वाक्याला चिकटून होतं. ते प्रदूषणाच्या पलीकडे. आणि तिथे जायला रस्ता एकच होता. तिने पाच निबंध पाठ केलेच नव्हते. तिने एकच, फार लांबलचक, पाठ केला होता.

दादा ताटावरून म्हणाले, "ही कॅसेट आहे, पोरी. जिथे पाहिजे तिथून लागत नाही."

ईशा हसली, पण आत्याचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. उरलेल्या दिवसांत तिने खूप प्रयत्न केले. देवाकडे पाठ करून बसवून खेड्यापासून सुरुवात करायला लावली, चाल बदलायला सांगितली, पाचवा निबंध पहिला म्हणायला लावला. तसं केलं की शशिकलाला खेडंही आठवेना आणि शिस्तही मोडायला लागली. शेवटी दोघींनी घाबरून हात लावायचं सोडून दिलं. "शिस्त येऊ दे," शशिकला रोज देवापुढे म्हणायची. "फार तर विज्ञान."

परीक्षेचं केंद्र दूरच्या एका कॉलेजात होतं. हॉलमध्ये सगळी तिच्या निम्म्या वयाची मुलं. बाहेर भाजून काढणारी लू सुटलेली, खिडक्यांच्या फळ्या आपटत होत्या. पेपर हातात आला आणि तिने विषय वाचले. शिस्त नव्हती. विज्ञान नव्हतं. सोशल मीडिया होतं, ऑलिम्पिक होतं, आणखी दोन अशी नावं होती जी वाचून तिला काहीच वाटलं नाही. शेवटी, अगदी तळाशी, खेडं होतं.

तिने डोळे मिटले आणि निघाली. शिस्त. विज्ञान. ओठ हलत होते. ते हलल्याशिवाय पुढचं वाक्य येत नसे. प्रदूषणाच्या अर्ध्यात, गंगा मैली होत असताना, खांद्यावर हात पडला.

"आंटीजी, तबीयत ठीक है? पानी मँगवाएँ?" तरुण निरीक्षक खरोखर काळजीने विचारत होता.

"नको. नहीं. ठीक है." झालं. तुटलं. पहिल्यापासून.

या वेळी ती घाईने चालली, आणि घाई केली की पाय घसरतो तसं विज्ञानात दोनदा घसरली. भोवती पेनांची खरखर वाढत होती. कोणीतरी पुरवणी मागितली. तिच्या कॉपीवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, अजून फक्त रोल नंबर होता. कशीबशी ती स्त्रीशिक्षणाच्या दारात पोचली, तोच दार खरोखर उघडलं आणि सचल दल आत आलं. नक्कल करणाऱ्यांना पकडणारं हे पथक. त्यातल्या एक उंच बाई सरळ तिच्यापाशी आल्या. कोरी कॉपी पाहिली, हलणारे ओठ पाहिले. तिचे तळहात उलटे करून पाहिले, पदराचं टोक झटकलं.

"क्या बोल रही हैं? किसको बता रही हैं?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. शशिकलाच्या डोळ्यांपुढे हिरवा एप्रन आला, त्याच्यामागे ओसरी आली.

"किसी को नहीं, मैडम. याद कर रही हूँ."

"तो लिख के याद कीजिए!" बाई कडाडल्या. "मुँह चला तो कॉपी ले लूँगी."

आता ओठही बंद. शशिकला कोऱ्या पानाकडे बघत राहिली. भीतीच्या तळाशी गेल्यावर माणूस सांगितलेलं मुकाट्याने करतो, तिनेही केलं. तिने पेन उचललं आणि लिहिलं : डिसिप्लिन इज द बॅकबोन ऑफ ह्यूमन लाइफ.

हात चालला. ओठांचं काम हाताने उचललं. शिस्त पूर्ण लिहून झाली, तिच्या खाली विज्ञान. मग प्रदूषण, न विचारलेलं, गंगेसकट. पुरवणी मागितली, पुन्हा मागितली. निरीक्षक आता तिच्याकडे आदराने बघत होता. स्त्रीशिक्षणाचं शेवटचं वाक्य लिहून तिने श्वास घेतला, आणि खेडं स्वतःच्या पायाने चालत आलं. त्याच्या डोक्यावर तिने ईशाने बजावल्याप्रमाणे मोठ्या अक्षरात शीर्षक घातलं. आधीचे चार खोडायला पाहिजे होते. पण पूर्ण झालेल्या परवच्यावर काट मारायला हात धजला नाही, आणि घंटा झाली. उताऱ्यावरचे प्रश्न अर्धे राहिले होते, पत्राला नमस्कारसुद्धा घातलेला नव्हता.

"पाँचों लिख दिए?" घरी ईशाने कपाळावर हात मारला. "आत्या, एक लिखना था!"

"एकच लिहिलाय," शशिकला म्हणाली आणि पडून राहिली.

निकाल लागेपर्यंत ती वर्ग घेत होती. नुकतीच आलेली लहान पोरं आईसाठी रडायची. ती त्यांना मांडीवर घ्यायची आणि मनात म्हणायची, आणखी थोडेच दिवस. दुपारी घरी आली की ओसरीवर बसायची नाही. उभ्यानेच चहा प्यायची. दादांनी एकदा खुर्ची पुढे केली तर ती केवढ्याने दचकली.

जुलै उजाडायच्या आत निकाल आला. ईशाने मोबाइलवर पाहिला, दोनदा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य मराठीत बोलली : "आत्या, तू पास झालीस." गुण काठावरचे होते. तपासणाऱ्याने शेवटचा निबंध वाचला, की पुरवण्यांची जाडी हाताला लागल्यावर न वाचताच दया आली, हे कळायला मार्ग नाही.

अजयजींनी चहा मागवला. मार्कशीटची प्रत फाइलीत लावली, जुना शेरा खोडून नवा लिहिला : अर्हता पूर्ण, सदर कर्मचारी वर्ग सांभाळण्यास पात्र. खाली तारीख घातली. पात्रता त्या तारखेपासून लागू झाली. एप्रन नव्या आयेला दिला, तिला तो घट्ट होतो.

शशिकला परीक्षेला गेली त्या दिवशी केजी-बीला सुट्टी देण्यात आली होती. ती मुलं दुसऱ्या कोणापाशी बसत नाहीत.